छातीच्या सीटीत कॉन्ट्रास्टची काटकसर: टेस्ट बोलस की बोलस ट्रॅकिंग?

फुप्फुसधमनीतील गुठळी शोधण्यासाठी सीटी करताना धमनी कॉन्ट्रास्टने (शिरेतून सोडलेल्या, एक्स-रेत उजळ दिसणाऱ्या आयोडीनयुक्त औषधाने) पुरती भरलेली असण्याचा काळ काही सेकंदांचाच असतो. तो साधण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती निवडावी, हे प्रोटोकॉल ठरवणाऱ्याला आधी पाहावे लागते.

टेस्ट बोलसमध्ये (बोलस म्हणजे एका दमात सोडलेली मात्रा) 10 ते 20 मिली औषध आधी चाचणीपुरते सोडून ते मुख्य फुप्फुसधमनीत किती सेकंदांनी सर्वाधिक दाटते हे मोजतात आणि त्यावरून मुख्य स्कॅनची वेळ ठरवतात. रुग्णाच्या रक्ताभिसरणाचा वेग प्रत्यक्ष कळतो, शिवाय कॅन्युला (शिरेत घातलेली नळी) नीट बसली नसेल तर तेही थोडक्यात उघडकीला येते. मात्र एवढे औषध निदानाच्या चित्राला उपयोगी पडत नाही. बोलस ट्रॅकिंगमध्ये मुख्य मात्रा जात असतानाच धमनीवर आखलेल्या वर्तुळातील घनता दर एक-दोन सेकंदांनी पाहिली जाते आणि ती साधारण 100 ते 150 हाउन्सफिल्ड युनिटच्या (सीटीतील घनतेच्या एककाच्या) वर गेली की स्कॅन सुरू होतो. जादा औषध लागत नाही, पण वर्तुळ शेजारच्या ऊर्ध्व महाशिरेवर सरकले तर स्कॅन वेळेआधीच सुटतो आणि धमनी फिकी राहते. दोन्हींत आणखी एक खोड आहे: रुग्णाने फार खोल श्वास घेतला की अधोमहाशिरेतून कॉन्ट्रास्ट नसलेले रक्त हृदयात ओढले जाते आणि ऐन वेळी घनता पडते, म्हणून ‘हलका श्वास घेऊन थांबा’ असे सांगणे बरे.

रोजच्या कामासाठी मी ट्रॅकिंगच निवडेन. मुख्य मात्रा मुद्दाम फार कमी ठेवली असेल आणि चुकीला वावच नसेल, तर टेस्ट बोलसवर खर्च झालेले औषध सार्थकी लागते.

खरी बचत मात्र या निवडीबाहेर आहे. आयोडीनची के-एज, म्हणजे ज्या ऊर्जेच्या लगेच वर ते एक्स-रे एकदम जास्त शोषते ती सीमा, 33.2 केईव्हीला असल्याने एक्स-रे ट्यूबचे व्होल्टेज 120 ऐवजी 100 किंवा 80 केव्ही ठेवून किरणांची ऊर्जा तिच्या जवळ आणल्यास तेच आयोडीन अधिक उजळ दिसते आणि त्या प्रमाणात मात्रा कमी करता येते. स्थूल रुग्णात मात्र चित्र दाणेदार होते, तेथे हा मोह टाळावा. पाठोपाठ 30 ते 40 मिली सलाइन सोडले की नळीत आणि दंडाच्या शिरेत अडकलेले औषध पुढे ढकलले जाते, आणि ऊर्ध्व महाशिरेतील दाट कॉन्ट्रास्टमुळे उठणारे पट्टेही कमी होतात. फुप्फुसातील लहान गाठीच्या पाठपुराव्याला किंवा इंटरस्टिशियल (फुप्फुसाच्या आधार-ऊतीच्या) आजाराच्या एचआरसीटीला, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटीला, तर सहसा कॉन्ट्रास्ट लागतच नाही. तेव्हा इंजेक्टर भरण्यापूर्वी मागणीपत्रावरचा प्रश्न वाचून घ्यावा.