बरोक की रोकोको?

बरोक आणि रोकोको या युरोपातल्या दोन जुन्या कलाशैली. आधी बरोक: रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 'संत मॅथ्यूला बोलावणं' (१५९९-१६००) हे चित्र आहे. काळोखी खोली, टेबलावर पैसे मोजणारी माणसं आणि उजवीकडून तिरका घुसलेला उजेड. मॅथ्यूला बोलावणारा येशू जवळपास सावलीतच. नजरेत भरतो तो त्याचा पुढे केलेला हात. प्रॉटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चला भाविकाला आतून हलवणारी चित्रं हवी होती, ती बरोकनं दिली.

आता रोकोको. फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचा 'झोका' (१७६७) बघा: गुलाबी झगा, हवेत भिरकावलेली चप्पल, झुडपात दडलेला प्रियकर. इथं गिऱ्हाईक फ्रेंच उमराव. रोकोकोला उथळ म्हणून नाक मुरडतात, पण तो झग्याचा घोळ रंगवायला कसबी हात लागतो बुवा! तरी माझं मत बरोकच्या काळोखालाच.