बर्डीवर इअरफोन घेताना: ऐकवतात एक, डब्यात निघतं दुसरंच

रविवारी नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. कडेच्या टेबलावर इअरफोनचे पन्नासेक डबे रचलेले, वर एक जोडी उघडी टांगलेली. कॉलेजातली मुलगी थांबते. विक्रेता टांगलेली जोडी तिला कानात घालायला देतो आणि स्वतःच्या फोनवर डीजेचं गाणं लावतो. आवाज खरोखरच बरा असतो. भाव ६५० पासून सुरू होऊन ४५० वर येतो, पैसे स्कॅन होतात, आणि टेबलाखालून एक सीलबंद डबा निघतो. "ताई, सेम पीस आहे. डब्बा फोडला तर वापस होत नाही." घरी डबा उघडावा तर आवाज पिंपातून आल्यासारखा, आणि आठ दिवसांत उजवी बाजू मुकी.

तिने जे ऐकलं ते तिला विकलंच नाही. ‘फोडला तर वापस नाही’ ही अट याचसाठी असते, की आतला माल ऐकायची वेळ पैसे दिल्यानंतरच यावी. गिऱ्हाईक परत आलं तरी टेबल तिथे असेलच असं नाही, आणि असलं तरी बिल नसतं.

अशी जोडी उघडल्यावर आत काय निघतं ते एकदा जवळून पाहा. डब्यावर छापलेलं असतं: १२ एमएम ड्रायव्हर, मेटल बॉडी, डबल बेस. कवचाच्या सांध्यात पातळ ब्लेड घातलं की ते सहज उचकटतं. ‘मेटल’ म्हणजे प्लॅस्टिकवरचा चकचकीत मुलामा. नखाने खरवडला की खाली पांढरं प्लॅस्टिक दिसतं. हाताला जड लागावं म्हणून आत लोखंडी वायसर हॉट ग्लूने चिकटवलेला. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी चकती, पट्टी लावून मोजली तर ६ मिलिमीटर. बाकी जागा रिकामी. तारेला आत गाठ नाही, केसाएवढे पदर थेट सोल्डरवर ताणलेले. खिशातून फोन काढताना बसणारा प्रत्येक हिसका त्या सोल्डरवर येतो आणि काही दिवसांत ते सुटतं. चांगल्या इअरफोनमध्ये तारेला आत गाठ मारलेली असते किंवा ती खाचेत पक्की धरलेली असते. हिसका तिथेच अडतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना असे इअरफोन गाडीच्या डिक्कीत राहिले की हॉट ग्लू मऊ पडतो, वायसर सुटतो आणि आत खुळखुळायला लागतो.

घरी मल्टिमीटर असेल तर न उघडताही बरंच कळतं. प्लगचं टोक म्हणजे डावी बाजू, त्यामागची पट्टी उजवी, तिसरी ग्राउंड. टोक ते ग्राउंड आणि पट्टी ते ग्राउंड असा रोध मोजा. साध्या इअरफोनचा तो बहुधा १६ ते ३२ ओहमच्या आसपास असतो, आणि दोन्ही बाजूंत फार तर एखाद-दुसऱ्या ओहमचा फरक चालतो. नकली जोडीत डावी १५ आणि उजवी २३ अशीही निघते, कारण दोन वेगळ्या ढिगांतले ड्रायव्हर उचलून एका डब्यात भरलेले असतात. मग गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एका बाजूला कमी ऐकू आलं की पुष्कळ जणांना वाटतं आपलाच कान बसला, आणि घरातलं कोणीतरी लगेच तेल कोमट करायला घेतं. कानात काहीही घालू नका. आधी डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. दबका आवाज दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानात राहिला तर डॉक्टरांना कान दाखवा.

नावाजलेल्या कंपनीच्या नावाने विकला जाणारा नकली माल अजून वाईट, कारण तिथे गिऱ्हाईक नावावर विसंबून ऐकायचंही सोडून देतं. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ सोबत एकेजी या ऑडिओ कंपनीची छाप असलेले इअरफोन दिले होते. अस्सल जोडीत प्रत्येक बाजूला दोन ड्रायव्हर असतात, एक ११ मिलिमीटरचा आणि एक ८ मिलिमीटरचा. रस्त्यावर ‘एकेजी ओरिजिनल’ म्हणून दीड-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या जोडीत एकच साधा ड्रायव्हर असतो. कापडी वेणीची तार तेवढी हुबेहूब उतरवलेली असते. फोनच्या डब्यातून काढलेला माल म्हणून तो स्वस्त, असं सांगतात. इतके फोन आणि इतके न वापरलेले इअरफोन आले कुठून, हे विचारून पाहा.

दुकानात ऐकताना डीजेचं गाणं नको. रस्त्याच्या गोंगाटात ढणढण बेस नेहमीच छान वाटतो, कारण बाहेरच्या आवाजाखाली बाकीचे दोष झाकले जातात. ऐकायची गाणी आपल्या फोनमध्ये आधीच उतरवून न्या. तीन प्रकार पुरतात. एक, फक्त गळा आणि तानपुरा: गळा मधोमध हवा आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झंकार, वेगळी कळायला हवी. दोन, तबल्याचा डग्गा किंवा ढोलकी: डग्ग्याचा घुमारा वर-खाली सरकताना ऐकू यावा, नुसतं ‘धब्’ आलं तर तो बेस नव्हे, गोंगाट. तीन, टाळ-मृदंगाचं भजन: टाळ वाजला की झंकार थोडा वेळ रेंगाळला पाहिजे. कानाला टोचला किंवा ‘स्स’ होऊन गेला तर वरचे स्वर बिघडलेले आहेत. आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं, विक्रेत्याला ते चांगलं ठाऊक असतं.

त्यानंतर एखाद्या टोन जनरेटर ॲपवर २० हर्ट्झपासून हळूहळू वर जाणारा सूर लावा, आवाज अगदी कमी ठेवून. मध्येच कुठे फडफड किंवा खरखर आली तर ड्रायव्हरचा पडदा सैल आहे किंवा आत कचरा आहे. दोन्ही कानांत घातल्यावर बेस पातळ आणि एकच कानात असताना भरीव वाटला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडलेल्या आहेत आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट चालताहेत. पण आधी कानात जाणारी दोन्ही रबरी बोंडं नीट बसली आहेत ना ते पाहा. शेवटी प्लगजवळ आणि तार दुभंगते तिथे बोटांनी हलकेच वळवून बघा. आवाज तुटला की परत द्या. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. आणि हे सगळं टांगलेल्या जोडीवर नाही, तर पैसे देणार आहात त्या जोडीवर, डबा दुकानदारासमोर उघडून. "आधी उघडा, मग पैसे" एवढं एक वाक्य म्हणायचं. ज्याला ते मान्य नाही त्याच्याकडून घेऊ नका, पुढे बर्डीतल्याच ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांत दुकानं कमी नाहीत.

‘थ्रीडी साउंड’ म्हणून खपवला जाणारा एक दोष फार थोड्यांना माहीत असतो. माईकवाल्या इअरफोनच्या प्लगवर चार भाग असतात. शेवटच्या दोन भागांत ग्राउंड कुठे आणि माईक कुठे, याच्या दोन पद्धती आहेत: सीटीआयए आणि ओएमटीपी. आजचे फोन पहिल्या पद्धतीचे. जुन्या पद्धतीची जोडी त्यात लावली की गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि वाद्यं लांबून, पोकळ ऐकू येतात. तारेवरचं बटण दाबून धरा. दाबल्याबरोबर गळा परत आला तर वायरिंग उलट आहे, ती जोडी तुमच्या फोनसाठी निरुपयोगी.

टाइप-सी प्लगचंही असंच. काही स्वस्त जोड्यांत डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी डीएसी चिप नसतेच. फोनमध्येच तशी सोय असेल तर त्या वाजतात, नाहीतर प्लग बसतो आणि आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहतो. विक्रेत्याच्या फोनवर वाजलं म्हणजे तुमच्या फोनवर वाजेल असं नाही.

ब्लूटूथवाले घ्यायचे तर डबीवर किंवा खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक शोधा. तो ‘आर’ने सुरू होतो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाची आणि कशाची नोंदणी आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर माल ठेवून द्या. अॅपलच्या एअरपॉड्सच्या नकलेत झाकण उघडताच आयफोनवर चित्र झळकतं आणि अनुक्रमांकही खरा निघू शकतो, कारण तो अस्सल जोडीवरून उचललेला असतो. झळकणाऱ्या चित्राला पुरावा मानू नका. ‘ईएनसी’ ही अक्षरं दाखवून ‘नॉइज कॅन्सलेशन आहे’ असंही सांगतात. ईएनसी माईकसाठी असतं, समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून. तुमच्या कानातला बाहेरचा गोंगाट कमी करतं ते एएनसी.

ऑनलाइन फसवणुकीचा धागा एकच आहे: उघडण्याआधी पैसे. ओपन बॉक्स डिलिव्हरीची, म्हणजे खोकं दारातच उघडून दाखवण्याची, सोय असेल तर तीच निवडा. नसेल तर पार्सलचं लेबल दिसेल असा, न थांबवता व्हिडिओ काढत खोकं फोडा. चुकीचा माल आला की लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि तिथे दुसऱ्यांदा फसतात. ‘रिफंड हवा तर क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

बिल मागायला संकोच करू नका, रक्कम ४५० असली तरी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. त्यामुळे सदोष मालाच्या बाबतीत ‘फोडला तर वापस नाही’ला काही अर्थ उरत नाही. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायला हवा; यातलं काहीच नसलेलं खोकं हातातही धरू नका. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आता घ्यावं काय. चारशे-पाचशेत तारवाली साधी जोडी मिळते, ती ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्या आणि धातू, डबल बेस वगैरे शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. रोज दोन-तीन तास गाणी ऐकणाऱ्याने थोडे पैसे साठवून दोन हजारांच्या आसपासची मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ साल्नोट्स झीरो बघावी. दोन्हींची तार ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांनी निघते. इअरफोनमध्ये आधी तारच जाते, तेव्हा नुसती तार बदलली की भागतं.

आणि दुकानदाराशी भांडायला निघण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण अस्सल जोडीही यांच्यामुळे खराब वाजते. रबरी बोंडं एक आकार मोठी लावून बघा. कानाशी फट राहिली की बेस निघून जातो. जाळीवर मळ साचला असेल तर इअरफोन उलटा धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते. ती बोट लागून सरकलेली असेल तर मधोमध आणा आणि तानपुऱ्याचं तेच गाणं पुन्हा लावा.