पूर्ण थ्रॉटलवर गिअर घसरतो : गेज लावावा, लॉग वाचावा की गिअरबॉक्स खोलावा?

ड्रॅग रेसिंगच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एरवी सुरळीत चालतो, पण ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल दिला की दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतेच वर चढते आणि गाडी ओढत नाही, ही या खेळातली नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी मालकापुढे चार मार्ग असतात : लाइन प्रेशरला (पंपाने गिअरबॉक्सभर पुरवलेल्या तेलाच्या मुख्य दाबाला) गेज लावणे, रनचा डेटा लॉग (धावेत सेन्सरनी घेतलेल्या नोंदी) तपासणे, ऑइल पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेल हव्या त्या क्लचकडे वळवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) उतरवून खालून पाहणे, किंवा सरळ गिअरबॉक्स काढून खोलणे. चारही मार्ग उपयोगी आहेत, मात्र प्रत्येकाला दोषाचा वेगळा भाग दिसतो. गिअर बदलण्याचा हुकूमच उशिरा किंवा चुकीचा सुटला, की हुकूम वेळेवर सुटूनही आतल्या क्लचने (तेलाच्या दाबाने आवळून गिअर पकडणाऱ्या चकत्यांच्या संचाने) तो नीट पाळला नाही, हा प्रश्न आधी सुटायला हवा, आणि मार्गाची निवड त्याच निकषावर करावी असे माझे मत आहे.

निवड करण्यापूर्वी एक फुकटची तपासणी उरकून घ्यावी. लाँचच्या वेळी, म्हणजे गाडी जागेवरून झेपावताना, इंजिन आणि गिअरबॉक्स माउंटवर पिळवटतात, शिफ्टरची केबल ओढली जाते आणि शिफ्टरला जोडलेला मॅन्युअल व्हॉल्व्ह आपल्या खाचेतून किंचित सरकतो. मग प्रेशर गळते आणि दोष क्लचच्या माथी येतो. केबल सोडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने प्रत्येक खाचेत बसवून पाहावा आणि केबलची पिन त्याच्या भोकात जोर न लावता जाते का, हे तपासावे. जोर लावावा लागत असेल, तर पुढचे काही करण्याआधी केबल जुळवावी.

जुन्या, पूर्णपणे हायड्रॉलिक गिअरबॉक्ससाठी मी गेजला पहिला मान देतो. टर्बो हायड्रामॅटिक ४०० सारख्या गिअरबॉक्सच्या केसवर लाइन प्रेशरसाठी प्लग असतो. तिथे ३०० पीएसआय (दाबाचे एकक) पर्यंतचा गेज लांब नळीने जोडून तो चालवताना दिसेल असा बसवता येतो. या गिअरबॉक्समध्ये इंजिनवरचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरद्वारे (इंजिनच्या व्हॅक्यूमनुसार प्रेशर बदलणाऱ्या भागाद्वारे) कळतो, त्यामुळे मॉड्युलेटरची नळी काढताच प्रेशर चढायला हवे. ते चढत नसेल, तर मॉड्युलेटर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा प्रेशर रेग्युलेटर यांच्याकडे वळावे. काढलेल्या नळीत लाल तेल दिसले, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि इंजिन गिअरबॉक्सचे तेल पिते आहे. उग्र कॅमशाफ्टचे इंजिन आयडलला मुळातच कमी व्हॅक्यूम देते, म्हणून अशा गाडीत हलक्या थ्रॉटलवरही गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. तो बिघाड नसून जुळवणीचा प्रश्न आहे. पूर्ण मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी असेल, तर गिअर केव्हा पडावा हे चालकच ठरवतो आणि गव्हर्नरवर (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलवणाऱ्या भागावर) संशय घेण्याचे कारण उरत नाही.

मात्र गाडी जागेवर उभी करून घेतलेले माप अर्धीच साक्ष देते. खरी माहिती लाँचच्या क्षणी आणि गिअर पडतानाच मिळते, कारण गाडी झेपावताना पॅनमधले तेल मागे धावते आणि पातळी कमी असेल किंवा फिल्टरची जागा प्रतिकूल असेल, तर पंप हवा ओढू लागतो. लाँचला काटा थरथरत खाली आला आणि मग सावरला, तर क्लचला हात लावण्याआधी तेलाची पातळी, फिल्टरच्या मानेचे सील आणि पॅनची खोली पाहावी. याउलट रनभर काटा स्थिर राहिला आणि तरीही तिसरा गिअर घसरला, तर पंप आणि रेग्युलेटर बहुतांशी निर्दोष ठरतात. गळती त्या क्लचकडे जाणाऱ्या वाटेत किंवा खुद्द क्लचमध्ये आहे. गेजची मर्यादाही इथेच आहे. मुख्य लाइनमध्ये किती दाब आहे ते त्याला दिसते, क्लचपर्यंत किती पोहोचला ते दिसत नाही, आणि चालकाने त्या क्षणी काट्याकडे पाहावे ही अपेक्षा तर धोक्याचीच आहे. म्हणून गेजऐवजी प्रेशर सेन्सर लावून त्याची नोंद लॉगमध्येच घेणे, जमत असेल तर, सर्वांत उत्तम.

४एल६०ई किंवा ४एल८०ई यांसारख्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्ससाठी हा क्रम उलटतो. इथे हुकूम सोलेनॉइडला (तेलाची वाट उघड-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी व्हॉल्व्हला) विजेने जातो, त्यामुळे तो लॉगमध्ये वेळेसह नोंदता येतो. एक उदाहरण घेऊ. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला ४००० आरपीएमच्या वेगाने चढत असेल आणि हुकूम सुटल्यापासून क्लच पकडेपर्यंत ०.१५ सेकंद जात असतील, तर ६५०० वर ठरवलेला गिअर प्रत्यक्षात ७१०० च्या सुमारास पडतो. मध्ये रेव्ह लिमिटर (इंजिनचा वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी यंत्रणा) ६८०० वर असेल, तर इंजिन अडखळते आणि ‘गिअर पडतच नाही’ असा ओरडा होतो. अशा गाडीचा गिअरबॉक्स खोलून काहीही सापडणार नाही. हुकूम लवकर सोडणे एवढाच त्यावर उपाय आहे. अल्टरनेटर काढून टाकलेल्या गाडीत बॅटरीचे व्होल्टेजही त्याच लॉगमध्ये ठेवावे, कारण रनच्या उत्तरार्धात ते खचले की सोलेनॉइडची हालचाल बेभरवशाची होते.

लॉग वाचताना फसगत होते ती आरपीएम किती खाली आले या आकड्यावरून. टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४८ आणि तिसऱ्याचे १.०० आहे, म्हणजे ६५०० वर गिअर बदलल्यास गणिताने इंजिन सुमारे ४३९० वर यावे. पण रेसिंगचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) ५००० च्या आसपास स्टॉल होणारा, म्हणजे तेवढ्या आरपीएमपर्यंत इंजिनला मोकळे चढू देणारा असेल, तर इंजिन तेवढे खाली येतच नाही, आणि म्हणून क्लच घसरतो आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. पाहायचे ते लॉगमधल्या आरपीएमच्या रेषेच्या आकाराकडे. गिअर बदलताना रेषा आधी वर उसळून मग खाली आली, तर सुटणाऱ्या आणि पकडणाऱ्या क्लचच्या मध्ये पोकळी राहिली आहे. रेषा एकदम कोसळली आणि त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचा वेग वाढायचा थबकला, तर दोन गिअर क्षणभर एकत्र पकडले गेले आहेत. हा सगळा प्रकार सेकंदाच्या काही दशांशांत आटोपतो, म्हणून सेकंदाला दहा नोंदी घेणारा लॉगर यासाठी कुचकामी आहे. ४एल८०ई मध्ये इनपुट आणि आउटपुट अशा दोन्ही वेगांचे सेन्सर असतात, त्यामुळे कन्व्हर्टरची घसरण आणि क्लचची घसरण वेगळी काढता येते. जुन्या गिअरबॉक्सला प्रोपेलर शाफ्टवर सेन्सर लावला तरी मधला दुवा, म्हणजे इनपुटचा वेग, अदृश्यच राहतो.

पॅन उतरवणे स्वस्त आहे, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. मला ते पहिले पाऊल म्हणून फारसे पटत नाही, कारण पॅनमध्ये दिसतो तो झालेल्या नुकसानीचा गाळ आणि नुकसानीचे कारण क्वचितच. चुंबकावरचा बारीक राखाडी लेप रेसच्या गाडीत असतोच. काळी खपली आणि जळका वास क्लच किंवा बँड (ड्रमभोवती आवळून तो थांबवणारी पट्टी) गेल्याचे सांगतात; चुंबकाला न चिकटणारी चमकी ॲल्युमिनियमची, पिवळसर चूर बुशिंग किंवा थ्रस्ट वॉशरची, आणि पोलादी तुकडे दिसले तर तिथेच थांबून गिअरबॉक्स उतरवावा. या मार्गाची खरी किंमत पुढच्या पायरीत आहे. व्हॉल्व्ह बॉडी उतरवली की केसमधल्या वाटांतून ३० ते ४० पीएसआयची कोरडी हवा देऊन प्रत्येक क्लच पकडतो का ते ऐकता येते. ठोस ‘धप्’ असा आवाज यावा आणि हवा टिकावी. नुसती फुसफुस म्हणजे सील गेले. परंतु थंड आणि स्थिर ड्रमवर (क्लच ज्यात बसतो त्या डब्यावर) टिकलेले सील गरम तेलात, पूर्ण वेगाने फिरताना टिकेलच असे नाही.

गिअरबॉक्स खोलण्याचा मार्ग शेवटचा मानावा. खोलल्यावर गेलेला क्लच हमखास सापडतो आणि तेवढ्यानेच समाधान होते, हा त्यातला धोका आहे. ७००आर४ या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल (थ्रॉटलनुसार प्रेशर बदलणारी) चुकीची जुळवली, तर प्रेशर कमी राहून तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळतो. क्लच नवा घातला आणि केबल तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जाईल. म्हणून उतरवण्यापूर्वी प्रेशरची नोंद हातात असलीच पाहिजे. कुठला भाग कोणकोणत्या गिअरमध्ये काम करतो हेही आधीच मांडून पाहावे : ४एल६०ई मध्ये दुसरा आणि चौथा दोन्ही बिघडले तर संशय बँडवर, तिसरा आणि चौथा बिघडले तर ३-४ क्लचवर. ४०० मध्ये डायरेक्ट क्लच तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये वापरला जातो, पण मूळ रचनेत तिसऱ्याला पिस्टनचा फक्त आतला भाग आणि रिव्हर्सला दोन्ही भाग दाब घेतात, त्यामुळे रिव्हर्स ठणठणीत असणे हा तिसऱ्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा होत नाही.

घसरण एका विशिष्ट गिअरला चिकटलेली नसून सगळीकडे सारखीच जाणवत असेल, तर या चारही मार्गांआधी कन्व्हर्टरकडे पाहावे. शेवटच्या, १.०० गुणोत्तराच्या गिअरमध्ये अंतिम रेषेपाशी इंजिन ७००० आणि शाफ्ट ६५०० फिरत असेल, तर घसरण सुमारे ७ टक्के होते. तिची तुलना गाडी चांगली धावत असतानाच्या जुन्या लॉगशी करावी. हे तपासण्यासाठी ब्रेक दाबून, गाडी जागेवर धरून पूर्ण थ्रॉटल देण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्या अवस्थेत इंजिनची जवळजवळ सगळी शक्ती कन्व्हर्टरमधले तेल तापवण्यात जाते आणि काही सेकंदांतच, आतापर्यंत शाबूत असलेले सीलही करपू लागतात.