कॅम्पर व्हॅनची वीज: जनरेटर बाहेर ठेवावा, गाडीत बसवावा की बॅटरीवरच भागवावं?

गाडीत राहून फिरणाऱ्याचं खान्देशात वर्ष सरळ दोन तुकड्यांत पडतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पंखासुद्धा नको असतो. यावल-रावेरकडे कुणाच्या मळ्यात गाडी लावायची, भरीत-पुरी हाणायची, दोन-चार दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग, एवढीच विजेची गरज. शिमगा सरला की पारा चढायला लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला तो ४५ ओलांडतो आणि दिवसभर उन्हात तापलेली पत्र्याची गाडी रात्री अकरालाही आत बसू देत नाही. म्हणून ‘किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा जनरेटर घेऊ?’ हा प्रश्न नंतरचा. रात्रभर एसी चालवायचा आहे की नाही, हे आधी ठरवा.

हिशेब असा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात हजार-अकराशे वॅट घेतो, गाडी गार झाली की निम्म्यावर येतो. रात्रीचे आठ तास धरले तर चार-पाच युनिट. इंडक्शन शेगडी एकटी दोन हजार वॅट ओढते, पण तिचं काम अर्ध्या तासाचं. दिवे, पंखे, छोटा डीसी फ्रीज मिळून दिवसाला एक-दीड युनिट. एसी सोडला तर बाकी सगळं बॅटरीवर आरामात निघतं. जनरेटरचा खटाटोप करायचा तो एसीसाठीच.

बाहेर ठेवायचा पोर्टेबल सेट

दोन केव्हीएचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर वीस-बावीस किलोचा असतो. एकटा माणूस उचलून खाली ठेवू शकतो. पाव लोडला तासाला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल खातो, पूर्ण लोडला लिटरभर. बिघडला तर उचलून मेकॅनिककडे नेता येतो, आणि गाडीला कुठे भोक पाडावं लागत नाही. पहिल्यांदाच कॅम्पर करणाऱ्याला मी हाच सांगेन.

त्याचा खरा फायदा मात्र स्वस्ताई नाही, अंतर आहे. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. सेट गाडीपासून किमान वीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सायलेन्सरचं तोंड गाडीच्या विरुद्ध दिशेला. एवढं केलं की मोठा धोका टळतो. त्यासाठी पंचवीस-तीस फुटांची जाड, बाहेर वापरायची केबल लागते. दुकानात मिळणारी पांढरी एक्स्टेन्शन कॉर्ड एसीच्या लोडवर तापते, ती घेऊ नका.

तोटेही आहेत. पाऊस आला की पंचाईत. चोरीची धास्ती. टाकी लहान, म्हणून एसी जोरात चालला तर रात्री उठून पेट्रोल भरावं लागतं, आणि ते गरम इंजिनवर भरायचं नसतं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. पेट्रोलचा कॅनही झोपायच्या जागेत नको. उन्हाळ्यात बंद गाडीत त्याची वाफ सुटते, ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते.

सेटवर लिहिलेला मोठा आकडा बहुतेकदा क्षणभराचा असतो, ‘रेटेड’ आकडा त्याहून कमी. त्यात उंचीवर इंजिनची ताकद दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे दहावा हिस्सा गेलाच. तरी तिथे फारसं अडत नाही, कारण यशवंत तलावाकाठी रात्री एसी लावावा लागत नाही. अडतं ते खाली तापीकाठच्या उन्हाळ्यात: हवा तापलेली, इंजिन हवेवर थंड होणारं, आणि एसीही तेव्हाच सगळ्यात जास्त वीज मागतो. एक टनाला दोन केव्हीए पुरतो, पण सोबत इंडक्शन लावली की सेट ट्रिप झालाच म्हणून समजा.

डिकीतला डबा

आपल्याकडे सर्रास होतं ते असं: पोर्टेबल सेट घ्यायचा, फॅब्रिकेटरकडून मागच्या डिकीत पत्र्याचा डबा करून त्यात ठेवायचा, सायलेन्सरला फ्लेक्सिबल पाइप जोडून बाहेर काढायचा. ‘काही व्हत नही भाऊ,’ हे उत्तर तयारच असतं. हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. पोर्टेबल सेट मोकळ्या हवेत चालायला बनवलेला असतो. डब्यात तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. गाडीच्या हादऱ्यांनी पाइपचा क्लॅम्प सैल होतो आणि धूर डब्यात शिरतो. डबा आणि बेड यांच्यात असतं ते प्लायचं एक पार्टिशन. वर सेटचीच पेट्रोलची टाकी त्या गरम डब्यात.

गाडीत कायम बसवलेला सेट

रोज भाड्याने जाणारी गाडी, वयस्क मंडळींची सहल, किंवा उन्हाळाभर फिरणं असेल तर हाच पर्याय खरा. बटण दाबलं की चालू, आणि गाडी डिझेलची असेल तर सेटही डिझेलचाच घ्या म्हणजे पेट्रोल बाळगायची भानगड नाही. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण कमी म्हणजे निर्धोक नव्हे.

किंमत मोठी आहेच, पण गोम बसवण्यात आहे. वजन शंभर किलोच्या वर. ते चासिसच्या पट्ट्यांवर रबर माउंटिंगने बसलं पाहिजे, फ्लोअरच्या पत्र्यावर नाही. एका बाजूला सेट बसला तर पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला घ्या. खाली लटकवायचा असेल तर आधी आपले रस्ते आठवा. गावात शिरतानाचा स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातला फरशी पूल, दोन्हीतून सेट सुखरूप जायला हवा.

इंधनाची लाइन इंजिनच्या लाइनला मध्येच टी मारून घेऊ देऊ नका. टाकीत सेटसाठी वेगळी नळी सोडायची, आणि ती इंजिनच्या नळीपेक्षा आखूड ठेवायची. म्हणजे रात्रभर सेट चालून डिझेल खाली गेलं तरी तो आधी बंद पडतो आणि सकाळी पंपापर्यंत जाण्यापुरतं टाकीत राहतं.

सायलेन्सरचा पाइप बॉडीच्या बाहेर निघून संपला पाहिजे. गाडीखाली संपला तर धूर चासिसखाली साचून फ्लोअरच्या फटींतून वर येतो. पाइपचं तोंड खिडकी, दार किंवा रूफ व्हेंटच्या खालीही नको. कपाशी काढलेल्या वावरात गाडी उभी करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: पाइपचं तोंड खाली पऱ्हाट्यांकडे किंवा वाळल्या गवताकडे असेल तर तापलेला सायलेन्सर आणि एखादी ठिणगी पुरेशी असते. स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, मागून घ्या.

सेटचा कप्पा धातूचा, आतल्या बाजूने पूर्ण सीलबंद आणि फक्त बाहेर उघडणारा असावा. गॅस सिलिंडरचा कप्पा आणि हा कप्पा एकमेकांना उघडे नकोत. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी हे स्वतः तपासा. अंधार पडल्यावर कप्प्यात प्रखर टॉर्च लावून ठेवा, गाडीतले सगळे दिवे बंद करा आणि आतून बेडखाली, वायरिंगच्या कडेला, पार्टिशनच्या कोपऱ्यांत डोळे लावून बघा. वायर जिथून आत येते तिथे हमखास उजेड दिसतो, कारण भोक अर्ध्या इंचाचं पाडलेलं असतं आणि वायर पाव इंचाची. जिथून उजेड येतो तिथून धूरही येणार. आतलं पॅनेलिंग चढायच्या आधीच ही तपासणी केली तर ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि उष्णता सोसणारं सीलंट लावून काम भागतं. नंतर फर्निचर काढावं लागतं.

बॅटरी आणि सोलर

१२ व्होल्ट, ४०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण पाच युनिट. एसीची एक रात्र निघते. अडचण दुसऱ्या दिवशीची. छतावर ४०० वॅटचे पॅनल असतील तर दिवसाला दीड-दोन युनिट मिळतात. आपल्या उन्हाचा फायदा होईल असं वाटतं, पण तापलेलं पॅनल कमी वीज देतं. उरलेली कसर चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवर काढावी लागते. ५० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जळगाव ते धुळे या दोनेक तासांत सव्वा युनिट भरतो. रोज प्रवास असेल तर जमतं, एका जागी तीन दिवस मुक्काम असेल तर नाही.

शिवाय या बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा बहुधा ४५ अंशांपर्यंत असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली तापमान त्याच्या वर जातं, मग बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं तिच्यातलं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि लोक बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. बॅटरी हवेशीर, सावलीच्या बाजूला बसवा. पाटणादेवीसारख्या जंगलालगतच्या ठिकाणी मात्र बॅटरीला तोड नाही. तिथे रात्री इंजिन भकभकवणं मला तरी शोभत नाही.

कुठलाही सेट घेतला तरी

महावितरणची लाइन आणि जनरेटर एकाच वेळी गाडीला जोडले जाऊच शकणार नाहीत, असा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) चेंजओव्हर स्विच हवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कुणी बनवून दिली तर तिथल्या तिथे कापून टाका. छोट्या पोर्टेबल सेटचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे गाडीतला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) शॉक लागताना पडेलच असं नाही. टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो, पण बटणाची जोडणी आतल्या आत असते, अर्थशी तिचा संबंध नसतो. तेव्हा जनरेटरवर असतानाच न्यूट्रल-अर्थ जोडला जाईल अशी व्यवस्था जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बॉडीही अर्थ करा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवाल्यांनीही लावावा. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत गाड्या खेटून लागतात, थंडीमुळे काचा बंद असतात, आणि शेजारच्या दुकानाचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली चालू असू शकतो. गॅस गळतीचा अलार्म हे काम करत नाही, तो वेगळा. अलार्म उशाच्या जवळ लावा आणि त्याच्यावर छापलेली मुदत बघा. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं आपल्याकडे ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून दिली जातात. गाडीतल्या दोघांना एकदम तसं झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग सेट बंद करायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोर्टेबल सेट हे सामान. कायम बसवलेला सेट हा गाडीतला बदल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मनाने केलेले बदल चालत नाहीत. एमएच १८, १९ किंवा ३९, जिथली गाडी असेल त्या आरटीओत काम सुरू करण्याआधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. भाड्याने द्यायची असेल तर मोटार कॅराव्हॅनसाठीचं एआयएस-१२४ मानक माहीत असलेल्या बॉडी बिल्डरकडेच जा.

माझा कौल असा: हिवाळ्यात फिरणाऱ्याने २०० अँपिअर-अवरची बॅटरी आणि दोन पॅनल घ्यावेत. वर्षभर फिरणाऱ्या घरच्या गाडीला तीच बॅटरी, आणि उन्हाळ्यापुरता बाहेर ठेवायचा दोन केव्हीएचा सेट. संध्याकाळी जागेपणी सेट चालवून गाडी गार करून बॅटरी भरून घ्यायची, झोपताना सेट बंद. २०० अँपिअर-अवरवर एसी पहाटेपर्यंत पुरत नाही, तीन-चार तास निघतात, पुढे पंखा. कायमचा डिझेल सेट धंद्याच्या गाडीला, आणि तोही कप्प्याचं काम आधी कुठल्यातरी गाडीत उघडून दाखवणाऱ्या माणसाकडून.