फेरुमॉक्सिटॉल: फिस्टुलासाठी उत्तम, बाकी जपून

काळपट-तांबूस द्रवाची १७ मिलीची बाटली, आत ५१० मिलिग्रॅम लोह. लोह-ऑक्साइडचे नॅनोकण, त्यावर शर्करेसारख्या पदार्थाचं आवरण. अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली ती किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी. रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (वाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) म्हणून वापरणं हे लेबलबाहेरचं, म्हणजे मान्यतेपलीकडचं आहे. संमतिपत्रात हे स्वच्छ मराठीत लिहिलेलं असावं.

मोठा फायदा म्हणजे कण रक्तवाहिनीबाहेर झिरपत नाहीत आणि रक्तातलं अर्धायुष्य सुमारे १५ तास. गॅडोलिनियमसारखी (एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट) सेकंदांची धावपळ नाही. फोटो हलला तर सीक्वेन्स (एमआरआयची ती फेरी) पुन्हा लावा, श्वासाच्या तालाशी जुळवून (गेटिंग) बारीक थ्रीडी घ्या. डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) तर हे फारच सोयीचं: धमनी, जोड, शीर आणि छातीतल्या मोठ्या शिरेतला अडथळा एकाच तपासणीत दिसतो. पण हाच गुण पायाच्या पोटरीत आडवा येतो. धमनी आणि शीर दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात, आणि बारीक फांद्या वेगळ्या करताना डोळे फुटतात. तिथे दुसरा पर्याय शोधा.

मात्रा साधारण ३ ते ४ मिलिग्रॅम प्रतिकिलो. ६० किलोच्या रुग्णाला ४ च्या हिशेबाने २४० मिलिग्रॅम, म्हणजे ८ मिली. ते १०० मिली सलाइनमध्ये. ४५ किलोच्या बाईंना ३ च्या हिशेबाने साडेचार मिलीच लागतं. ते १०० मिलीत टाकलं तर मिलीला २ मिलिग्रॅमच्या खाली जातं, म्हणून ५० मिलीची पिशवी घ्या. मिलीला २ ते ८ मिलिग्रॅम ही मर्यादा पाळायची. उरलेली बाटली टाकून द्यावी लागते, पैसे मात्र पूर्ण बाटलीचे.

सिरिंजने झटकन ढकलायचं नाही. २०१५ मध्ये ॲनाफिलॅक्सिसबाबत (जिवावर बेतणारी ॲलर्जी) लेबलवर चौकटीतला इशारा आला: किमान १५ मिनिटं ड्रिप, नंतर ३० मिनिटं निरीक्षण, रुग्ण अर्धवट आडवा, बीपी मोजणं चालू. हे सगळं मॅग्नेटच्या खोलीबाहेरच करावं, कारण रिॲक्शन आली तर क्रॅश ट्रॉली (तातडीच्या उपचारांची गाडी) आत नेता येत नाही. सुई फिस्टुलाच्या हातात कधीच नाही. शिरेतून दिलेल्या कुठल्याही लोहाची ॲलर्जी झालेली असेल तर हा विषयच संपला. झटकन देण्याचं आणखी एक नुकसान: कणांची दाटी झाली की टी२-स्टार परिणामामुळे (लोहाने एमआरआयचा सिग्नल झपाट्याने विझणं) वाहिनी चमकण्याऐवजी काळी पडते. टीई (सिग्नल टिपण्याआधीचा वेळ) जितका कमी तितकं बरं. धातूच्या स्टेंटमध्ये तसाही काळा पट्टा येतो, त्यावरून अडथळा ठरवू नका.

डायलिसिस एका ठिकाणी आणि एमआरआय दुसरीकडे असेल तर डायलिसिसचा तासभर झाल्यावर, बीपी स्थिर असताना, तिथेच ड्रिप द्या आणि त्याच दिवशी स्कॅन घ्या. डायलिसिसने हे औषध निघून जात नाही.

सर्वात जास्त गोंधळ नंतर होतो. कण यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि तीन महिन्यांपर्यंत एमआरआयवर परिणाम राहू शकतो. आज कोथरूडला फिस्टुला, पुढच्या महिन्यात हडपसरला लिव्हरचा एमआरआय: तिथला रेडिओलॉजिस्ट काळं यकृत पाहून लोहसाठा वाढल्याचं लिहील. फाइलवर तारीख आणि मात्रा ठळक लिहून द्या. टी२ तपासणी (लोहाने जास्त बिघडणारा एमआरआयचा प्रकार) चार आठवड्यांनंतरच. सीटीवर काही फरक पडत नाही. सीरम आयर्नसाठी मात्र २४ तास रक्त घेऊ नका, आकडा फुगलेला येतो.

साठवण २० ते २५ अंशांत. पुण्याच्या एप्रिलमध्ये कुरिअरच्या टेम्पोत दुपार काढलेली खोकी घेण्याआधी तापमानाची नोंद मागा.

किडनी बरी असेल तर नेहमीचं कॉन्ट्रास्टच पुरेसं. आताच्या सुरक्षित गटातल्या गॅडोलिनियममुळे एनएसएफची (किडनी निकामी असताना गॅडोलिनियमने त्वचा कडक होण्याचा आजार) भीतीही खूपच कमी झाली आहे. फिस्टुला आणि छातीतल्या शिरांसाठी पाचपैकी साडेचार, पोटरीसाठी दोन.