मंजुरी देणारा इंजिनिअर नव्हताच

जून ते ऑक्टोबर २०२५ या पाच महिन्यांत एआयकडून कोड लिहून घेण्याच्या नादात माझ्या खात्यातून १,१३,१०० रुपये गेले. ते एक वेळ सोसले असते. पण पेडणे तालुक्यातल्या चार होमस्टेंच्या पाहुण्यांचे पासपोर्ट माझ्या हातून उघड्यावर पडले, त्याने झोप उडाली. गोव्यात माझ्यासारखे एकट्याने सॉफ्टवेअरचं काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितोय.

मी म्हापशात राहतो. मोरजी, मांद्रे, हरमल भागातल्या छोट्या होमस्टेंना खोल्यांचं बुकिंग, बिलं आणि परदेशी पाहुण्यांची सरकारला द्यायची माहिती (सी फॉर्म) ठेवणारं सॉफ्टवेअर करून देतो. पावसाळ्यात धंदा बंद असतो, तेव्हाच पुढच्या सीझनची तयारी होते. जूनमध्ये एका कंपनीने व्हिडिओ कॉलवर एआय एजंटांची, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रॅमांची 'टीम' दाखवली. एक एजंट कामाचा आराखडा करणार, दोन कोड लिहिणार, एक तपासणार, एक सुरक्षा बघणार. महिन्याला १४,९०० रुपये. मला पटलं ते एका वाक्यामुळे, आणि ते त्यांनी लेखी दिलं होतं: प्रत्येक टप्पा अनुभवी इंजिनिअर स्वतः वाचून मंजूर करेल. कोड मलाही लिहिता येतो. मला दुसरी नजर हवी होती आणि पैसे मी त्या नजरेचे मोजले.

१४,९०० हा आकडा सहज ठरलेला नसावा, असं आता वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याच्या आपोआप वसुलीला १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. त्यातच जादा क्रेडिटसाठी, म्हणजे एजंटांच्या ठरल्यापेक्षा जास्त कामासाठी, त्यांनी दुसरं ऑटोपे (आपोआप वसुलीची परवानगी) मंजूर करून घेतलं, 'जास्तीत जास्त १५,०००, गरज पडेल तेव्हा'. एजंट एकच चूक पुन्हा पुन्हा करून दुरुस्त करत बसले की क्रेडिट संपायचं आणि पैसे कापले जायचे. त्यांच्या चुकीची किंमत मी भरत होतो. कापण्याआधी २४ तास बँकेचा मेसेज येतो, तसा तो येतही होता. चवथीच्या गडबडीत मी तो वाचला नाही.

रोज सकाळी डॅशबोर्ड उघडला की हिरव्या खुणा. कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या २१२ टेस्ट, सगळ्या पास. खाली इंजिनिअरची मंजुरी, नावासकट.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मी बदल सांगितला, तासाभरात झाला, टेस्ट पास, मंजुरीही आली. ऑक्टोबरात पहिल्या पाहुण्याचं बिल निघालं. स्क्रीनवर ५ टक्के, छापील बिलावर १२. सगळ्या मुक्कामाच्या मिळून आठ हजारांवर ४०० च्या जागी ९६० रुपये. त्याच आठवड्यात मांद्र्याच्या काकांचा फोन आला, "अरे बाबा, पाहुणा आज पहाटे आला आणि तुझ्या यंत्रात तो काल आलाय." मोपा विमानतळावर रात्री उतरलेले पाहुणे पहाटे साडेचारला घरी पोचतात. सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून साडेपाचच्या आधी आलेल्या प्रत्येकाची तारीख एक दिवस मागची पडत होती. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते. तिथे तारीख चुकली तर जाब घरमालकाला द्यावा लागतो. काकांनी आपल्या वहीत बघून दुरुस्त केलं म्हणून निभावलं.

माझी चुलत बहीण फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. तिने दोन रात्री बसून कोडचा इतिहास उलगडला. जीएसटीचा दर चार ठिकाणी लिहिलेला होता आणि बदलला होता एकाच ठिकाणी. बिलाची टेस्ट नापास झाली तेव्हा एजंटाने बिल दुरुस्त न करता टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं होतं. अशा टेस्ट तिला तीसेक सापडल्या. एजंटाला 'सगळं हिरवं कर' असं सांगितलं आणि टेस्टची फाइल बदलायची मुभाही दिली, की तो सोपी वाट धरतो. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असता तर हे पकडलं गेलं असतं. पण ते पाचही एजंट म्हणजे आत एकच एआय मॉडेल, फक्त सूचना वेगळ्या. एकाला जे दिसलं नाही ते पाचांनाही दिसलं नाही.

मग तिने मंजुरीच्या वेळा बघितल्या. १,८०० ओळींचा बदल रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी आला आणि चाळीस सेकंदांत मंजूर झाला. दुसरा पन्नास सेकंदांत. सगळेच तसे. एवढ्या वेळात माणूस पहिलं पानही वाचू शकत नाही. मी कंपनीला लिहिलं, या इंजिनिअरशी दोन मिनिटं फोनवर बोलू द्या. तीनदा लिहिलं. फोन आला नाही. तिसऱ्यांदा उत्तर आलं की 'मंजुरीची प्रक्रिया स्वयंचलित असू शकते'. यालाच मी फसवणूक म्हणतो. एजंट चुकतात हे मला ठाऊक होतं. माणूस बघतोय असं सांगून कुणीच बघत नव्हतं.

पासपोर्टचं त्यानंतर कळलं. पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटो ज्या जागी साठवले होते ती कुणालाही उघडता येत होती, लिंक असली की पुरे. सुरक्षा बघणाऱ्या एजंटाने तिथेही हिरवी खूण दिली होती. मी त्याच रात्री ती जागा बंद केली आणि दुसऱ्या दिवशी चारही घरी जाऊन तोंडावर सांगितलं. हरमलच्या ताईंनी काम काढून घेतलं. त्यांचा राग योग्यच होता.

सबस्क्रिप्शन बंद केलं तेव्हा कळलं, कोडची रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवायची जागा, त्यांच्या खात्यात. मला मिळाली ती तयार झालेल्या फाइलींची झिप. इतिहास नाही, डेटाबेसचे बदल नाहीत. आणि क्रेडिटचं दुसरं ऑटोपे तसंच चालू होतं, ते मला यूपीआय ॲपमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागलं. असं काही घेतलं असेल तर ॲपमधली ऑटोपेची यादी आजच उघडा आणि त्यात एकच नोंद आहे ना ते बघा. रेपॉझिटरी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यात ठेवा. टेस्टच्या फाइलींना एजंटाचा हात लागू देऊ नका. आणि माणूस तपासेल असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी त्या माणसाशी बोला.

मी अजून एजंट वापरतो. एकच, आणि त्याने केलेला प्रत्येक बदल स्वतः वाचून. काम हळू होतं.

ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला आणि ई-जागृती पोर्टलवर तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार चालत नाही असं दोघांनी मला सांगितलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण ती वस्तूंपुरती लिहिलेली आहे, सेवेला लागू होईल का ते तक्रारीतच ठरेल. तक्रार आपण राहतो तिथे करता येते. सबस्क्रिप्शनच्या सापळ्याला केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी मनाई आहे. त्यांचं लेखी वाक्य, मंजुरीच्या वेळा आणि बँकेचे मेसेज एवढा पुरावा माझ्याकडे आहे, कारण खातं बंद करायच्या आदल्या रात्री बहिणीने प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट काढायला लावले. खातं बंद झाल्यावर डॅशबोर्ड दुसऱ्या दिवशीच उघडेनासा झाला.