'टार' की 'द डिसायपल'? रात्र एकच असेल तर

संगीताचं वेड आणि मानगुटीवर बसलेला भूतकाळ, असं काही बघायचं असेल तर थरार म्हणून कोणीही आधी टॉड फील्डच्या 'टार'चंच (२०२२) नाव घेईल. बर्लिनच्या बड्या ऑर्केस्ट्राची कंडक्टर लिडिया टार माहलरच्या पाचव्या सिंफनीच्या तालमी घेतेय आणि एका जुन्या शिष्येचं प्रकरण हळूहळू वर येतंय. एका रात्री टकटक ऐकून तिला जाग येते. उठून शोधते, तर कपाटात मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय दाखवणारं यंत्र, आपला आपण चालू. कोणी लावला? सिनेमा सांगत नाही. फ्रिजची घरघर, पळायला गेल्यावर बागेत कुठूनशी आलेली किंकाळी, सगळं असंच अर्धवट सोडलेलं. एका दृश्यात मागे कोणी उभं होतं का, म्हणून मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. लिडिया झालेली केट ब्लँचेट तर कमालच. मात्र लांबी अडीच तासांहून जास्त आणि पहिला अर्धा तास जवळजवळ नुसत्या गप्पा. जेवून सुस्तावून बसलात तर डुलकी ठरलेली.

चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' (२०२०) मराठीच, पण थरारपट समजून लावलात तर वीस मिनिटांत मला शिव्या घालाल. खून नाही, पाठलाग नाही. मुंबईत ख्याल शिकणारा शरद नेरुळकर, त्याचे थकलेले गुरुजी आणि रात्री मोकळ्या रस्त्यावरून संथ जाणारी त्याची मोटरसायकल. कानात हेडफोन, त्यात गुरुजींच्या गुरू माईंची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं. माई कधी समोर येत नाहीत. आवाज सुमित्रा भावेंचा, शांत, जराही न चढणारा. लिडियाच्या मागे आवाज लागतात. हा गडी तो आवाज स्वतःच कानात घालून घेतो, वर्षानुवर्षं. मला तरी हेच जास्त भयंकर वाटलं. शरद झालेला आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघेही खरे गवई, त्यामुळे रियाज खोटा वाटत नाही.

डोकं चालवायचा कंटाळा असेल तर 'व्हिपलॅश' (२०१४) आहेच. पावणेदोन तास, ड्रमवर सांडलेलं रक्त. पण तिथे छळणारा मास्तर ढळढळीत समोर उभा असतो, भुताला जागाच नाही.

कधीकाळी गाण्याचा क्लास लावून अर्ध्यात सोडला असेल, तर 'डिसायपल' लावा आणि एकट्यानेच बघा. बाकीच्यांनी 'टार'. फक्त मोबाइलवर नको. मागच्या अंधारात कोण उभं आहे ते त्यात दिसायचं नाही.